सम चुकल्यास निष्फळ समजावे

पाच शब्दांचे अर्थ लिहून द्यायचे, एवढंच काम होतं. लय, मात्रा, ताल, सम आणि खाली. गाण्याच्या बाईंनी ते नानांना सांगितलं तेव्हा त्या एका हाताने पेटीचा भाता बंद करत होत्या आणि दुसऱ्या हाताने दोन मुलींच्या एकमेकींत अडकलेल्या दप्तरांचे पट्टे सोडवत होत्या. म्हणजे काम किती किरकोळ होतं ते कुणालाही कळावं.

‘‘मुलं सारखी विचारतात हो, सम म्हणजे काय नि खाली म्हणजे काय. मला सांगता येत नाही, मी आपली गाऊन दाखवते. तुम्ही शब्दांतले माणूस. अर्ध्या पानात लिहून द्याल?’’

नाना ‘हो’ म्हणाले. नाना सगळ्यांनाच ‘हो’ म्हणत. ‘नाही’ म्हटलं की कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायचं म्हणजे बोलावं लागतं.

अर्धं पान मात्र त्यांच्या मनाला लागलं. नानांची सगळी नोकरी शब्दकोशाच्या कार्यालयात गेली होती. तिथे ‘खुर्ची’ या शब्दावर त्यांनी एक अख्खा उन्हाळा घालवला होता. ‘पाठ, चार पाय व बसण्यास जागा असलेली वस्तू’ ही त्यांची पहिली व्याख्या साहेबांनी ‘यात घोडाही बसतो’ असा शेरा मारून परत पाठवली होती. तो घोडा नाना अजून विसरले नव्हते. ज्या माणसाने एका खुर्चीतून घोडा बाहेर काढायला उन्हाळा घालवला, त्याला लय अर्ध्या पानात बसवा म्हणणं म्हणजे हत्तीला दप्तरात घाला म्हणण्यासारखं होतं.

आणि त्यांची इच्छाही होती. नानांची नात, जिला तिच्या चपळाईवरून सगळे टिचकी म्हणत, ती या वर्गात गायला शिकत होती. शाळा सुटल्यावर शाळेच्याच सभागृहात वर्ग भरे. नाना तिला घेऊन येत आणि मागच्या बाकावर पुस्तक उघडून बसत. पुस्तकाचं पान सहसा उलटत नसे, कारण नाना टिचकीचं गाणं ऐकत असत. विशेषतः एक गोष्ट त्यांना फार आवडे. तबलामास्तर त्रितालाचा ठेका धरत, सोळा मात्रांचं चक्र गोल गोल फिरत राही, टिचकी मधूनच कुठून तरी गाण्यात शिरे आणि चक्र परत पहिल्या मात्रेवर यायला आणि तिचा त्या जागेसाठी राखलेला, ठेवणीतला शब्द तिथे पडायला एकच गाठ पडे. जिन्याची शेवटची पायरी सोडून मुलं सरळ जमिनीवर उडी मारतात ना, तशी ती समेवर उतरे. उतरली की स्वतःच हसे. त्या हसण्यासाठी नाना रोज ती पायपीट करत.

स्वतः नानांना ताल मुळीच नव्हता. सभेत टाळ्या पडल्या की त्यांची पहिली टाळी बाकीच्यांच्या शेवटच्या टाळीनंतर वाजे, आणि लोक वळून बघत. तेव्हापासून ते टाळ्यांच्या वेळी चष्मा पुसत.

तर असे हे नाना लिहायला बसले. अर्ध्या पानाचं एक पान झालं. मात्रा सांगायची तर काळ सांगायला हवा, म्हणून काळ आला. ताल आला म्हटल्यावर विभाग, ठेका, आवर्तन यांनी काय घोडं मारलंय, म्हणून तेही आले. विलंबित आलं तसं मध्य आणि द्रुत आले, आणि दुगुण आली म्हटल्यावर तिहाईला दाराबाहेर उभं करणं सभ्यपणाचं दिसेना. शेवटी बत्तीस पानांची पुस्तिका तयार झाली. तिच्यात ‘सम’ या शब्दाखाली नानांनी लिहिलं होतं: ‘आवर्तनाची पहिली मात्रा. गायकाने येथे नेमके पोचणे आवश्यक. सम चुकल्यास गायन निष्फळ समजावे.’

‘निष्फळ समजावे’ हे शब्द लिहिताना त्यांना कार्यालयातलं जुनं समाधान वाटलं. त्या व्याख्येत घोडाच काय, माशीसुद्धा शिरली नसती.

‘‘मुलांसाठी आहे ना हे?’’ आजींनी चष्म्यावरून विचारलं. आजी म्हणजे नानांच्या पत्नी. त्यांनी निम्मी पुस्तिका उभ्या उभ्या वाचली होती.

‘‘हो. सोपंच लिहिलंय.’’

‘‘सोपं आहेच. फक्त वाचून मला कोर्टात हजर राहायला सांगितल्यासारखं वाटलं.’’

पुस्तिका मुलांच्या हातात पडण्याआधी तिला शाळेच्या कचेरीतून जावं लागलं. शाळेच्या आवारात मुलांना दिला जाणारा कोणताही छापील कागद मंजूर करून घ्यायचा, असा नियम होता आणि नियमामागे हेडक्लार्क बसले होते. त्यांच्याकडच्या विषयांच्या यादीत संगीत नव्हतं.

‘‘मग कशात घालायचं?’’ नानांनी हळूच विचारलं.

हेडक्लार्कनी पुस्तिका चाळली. ‘‘यात हात हलवायचे आहेत असं दिसतंय. टाळी द्यायची, हात फेकायचा. शारीरिक शिक्षणात घालू.’’

तेव्हा लय आणि ताल शारीरिक शिक्षणात गेले. कवायतीच्या सरांनी पुस्तिका मनापासून वाचली, ‘उपयुक्त’ असा शेरा मारला आणि एका ठिकाणी आपल्या हातानं भर घातली: ‘टाळी देताना पाठ ताठ.’ ही भर नानांना मान्य नव्हती, पण सर त्यांच्यापेक्षा पुष्कळ उंच होते.

मग शिक्का बसला. पुस्तिका वाटली गेली. आणि मुलांनी, मुलं क्वचितच करतात ती गोष्ट केली: ती वाचली. नुसती वाचली नाही, पाठ केली.

पहिले काही दिवस नाना हवेत होते. जिन्यात भेटलेलं पोर ‘नाना, आवर्तन म्हणजे काय सांगू?’ म्हणे आणि घडाघडा सांगे. नाना चष्मा पुसत. शब्दकोशात गेलेल्या उभ्या आयुष्यात त्यांना वाचकच भेटला नव्हता. कोश लोक विकत घेतात, त्यावर फुलदाणी ठेवतात. इथे जिवंत माणसं त्यांचं वाक्य स्वल्पविरामासकट म्हणून दाखवत होती.

मग हळूहळू बातम्या यायला लागल्या.

वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य एका सकाळी दारात उभे राहिले. ‘‘नाना, आमचा मुलगा दात घासताना मात्रा मोजतो. आवर्तन पूर्ण झाल्याशिवाय नळ बंद करत नाही. दातांना चांगलं आहे, पण टाकीत पाणी उरत नाही.’’ कुणाच्या तरी मुलीने झोका मागे गेला की, तालातली टाळीऐवजी हात फेकायची मात्रा आल्यासारखं, ‘खाली!’ असं ओरडायला सुरुवात केली, आणि जी मुलं ते ऐकून खाली उतरली त्यांचे गुडघे फुटले. आणि घरात, जेवताना, नानांच्या लक्षात आलं की टिचकी घास चावताना ओठांत काहीतरी पुटपुटते आहे.

‘‘काय गं?’’

टिचकीने हातानेच थांबवलं. चावून झालं, घास गिळला आणि मग ती म्हणाली, ‘‘समेवर गिळत होते, आजोबा. मध्येच बोललं की चुकतं.’’

‘‘अहो,’’ आजी म्हणाल्या, ‘‘श्वासाची व्याख्या केली नाहीत ना अजून? नाहीतर घरात सगळे गुदमरून मरायचे.’’

नाना हसले. पण त्या संध्याकाळी वर्गात मागच्या बाकावर बसल्यावर त्यांचं हसू मावळलं. तबलामास्तरांनी ठेका धरला. टिचकी उभी राहिली. एरवी ती खिडकीबाहेर बघत, एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत गायची. आज तिचे दोन्ही पाय जुळलेले होते, पाठ ताठ होती आणि डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. गाण्यात शिरायची जागा आली, गेली. परत आली, परत गेली. तिसऱ्या खेपेला ती शिरली आणि वर्दळीचा रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखी, उजवीकडे बघ, डावीकडे बघ, पुन्हा उजवीकडे बघ, अशी चालत समेपाशी आली. तोवर सम निघून गेली होती.

तिने डोळे उघडले. ती हसली नाही. तिने मागच्या बाकाकडे बघितलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, ‘‘निष्फळ.’’

नानांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

बाकीच्या मुलांचंही तेच. ज्यांना कालपर्यंत ताल होता आणि व्याख्या नव्हती, त्यांच्याकडे आता व्याख्या होती.

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

‘‘तुमचं पुस्तक फार छान आहे, नाना.’’

नाना चष्मा पुसायला लागले.

‘‘मुलांना सगळं पाठ झालंय.’’ बाईंनी कपातला चहा ढवळला. त्यात साखर नव्हतीच. ‘‘आता गाता येत नाहीये.’’

वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता आणि पहिलं गाणं टिचकीचं होतं. तिला ते बाईंनी दिलं होतं, कारण समेवर येताना सगळ्यांत जास्त आनंद तिलाच होई आणि तो बघून श्रोते खुलत. आता ती बाईंना म्हणाली होती, माझं गाणं दुसऱ्या कुणाला तरी द्या. तिला गाणं आवडेनासं झालं होतं.

‘‘मी तिला सक्ती नाही करणार,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण तिने आपणहून सोडलं ना नाना, तर ती परत येणार नाही. मी अशी मुलं बघितली आहेत.’’

बाई गेल्या. नाना पुस्तकांच्या कपाटासमोर बराच वेळ उभे होते. त्या कपाटात शिकण्याविषयी पुष्कळ पुस्तकं होती. शिकलेलं विसरण्याविषयी एकही नव्हतं.

शेजाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही, आणि शेजाऱ्यांना कळलं म्हणजे उपाय आलेच. दंतवैद्य म्हणाले, ‘‘जीभ दुखऱ्या दाताकडेच जाते. दात ठेवून जिभेला बोलून उपयोग नाही. मुळापासून काढा.’’ हे कसं काढायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. तेवढ्यात त्यांचा रुग्ण आला. समोरच्या दारी राहणारे गृहस्थ लोकांना गाडी चालवायला शिकवत. ते म्हणाले, ‘‘नाना, शिकाऊ माणूस पायाकडे बघायला लागला की गाडी खांबावर गेलीच समजा. मी त्यांच्याशी गप्पा मारतो. बायकोचं कसं काय, पगार वेळेवर होतो का. गप्पांच्या नादात पाय आपोआप चालतो. तुम्ही पोरीला गप्पांत गुंतवा.’’

हे नानांना पटलं. फक्त गप्पा मारणं त्यांना येत नव्हतं. तरी त्यांनी प्रयत्न केला. संध्याकाळी टिचकीला फिरायला नेलं आणि विषय शोधत म्हणाले, ‘‘मग... पगार वेळेवर होतो का?’’

टिचकीने त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा पावलं मोजायला लागली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर नानांनी अखेर आपल्या धंद्याला साजेसा उपाय केला. कोशात चूक राहिली की शुद्धिपत्र काढतात. नानांनी शुद्धिपत्र काढलं. ‘पान दोन, ओळ चार: “निष्फळ समजावे” याऐवजी “काहीसे अपुरे वाटू शकते, परंतु हरकत नाही” असे वाचावे.’ आणि शेवटी, धीर करून: ‘गाताना वरील सर्व मजकूर विसरावा.’ हे त्यांनी स्वतः मुलांना वाटलं.

दोन दिवसांनी जिन्यात तेच पोर भेटलं. ‘‘नाना, शुद्धिपत्र म्हणून दाखवू?’’

भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. आता एकच मार्ग उरला: पुस्तिका परत गोळा करायच्या. नाना कचेरीत गेले.

‘‘मागे?’’ हेडक्लार्कनी चष्मा कपाळावर नेला. ‘‘मंजूर साहित्य मागे घेता येत नाही. सदोष असेल तरच.’’

‘‘सदोष आहे.’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘मी.’’

‘‘तुम्ही कोण?’’

‘‘मी... लेखक.’’

‘‘मग तुमचं मत धरता येणार नाही. लेखकाचा स्वतःच्या पुस्तकाशी संबंध असतो.’’ हेडक्लार्कनी खण उघडून आपली प्रत बाहेर काढली. ती बरीच हाताळलेली दिसत होती. ‘‘आणि सदोष कुठे आहे, दाखवा. मी दोनदा वाचलंय. मला वाचून पहिल्यांदा कळलं की माझ्या मेव्हण्याच्या लग्नात तो तबलेवाला काय करत होता. एकही चूक नाही.’’

उमेदीच्या वयात ज्या वाक्यासाठी नाना तळमळले होते, ते वाक्य आज, नको त्या जागी, नको त्या वेळी, शिक्क्यासकट मिळालं होतं. आपल्याच व्याख्येत घोडा शोधून दाखवायची पाळी त्यांच्यावर आली. त्यांनी शोधला. खरोखर पानन् पान शोधलं. पण व्याख्या इतक्या चोख होत्या की घोड्याला कुठून शिरायला फट नव्हती.

तेवढ्यात आतल्या दारातून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. उत्साही बाई होत्या. उत्साह त्यांच्या पुढे दोन पावलं चालत असे.

‘‘तुम्हीच ना ते पुस्तिकेवाले? अहो, किती शोधत होते मी तुम्हाला! वार्षिक कार्यक्रमाला पालक येणार, पाहुणे येणार. मी ठरवलंय, गाण्याआधी प्रत्येक मूल एक एक व्याख्या म्हणेल.’’

‘‘नको,’’ नाना म्हणाले. आयुष्यात एवढ्या स्पष्टपणे ते पहिल्यांदाच ‘नको’ म्हणाले असतील.

‘‘किती हा विनय! आणि व्याख्यांच्या आधी तुम्ही स्वतः मंचावर येऊन हातावर ताल देऊन दाखवायचा. लेखकाचं प्रात्यक्षिक!’’

इथे कारण सांगावं लागलं असतं. मला ताल नाही, हे बत्तीस पानं लिहिल्यावर कसं सांगायचं? नानांनी सवयीने मान हलवली. ती उभी हलली.

घरी येऊन त्यांनी आजींना सांगितलं. आजी पोळ्या... पण आजी काय करत होत्या ते महत्त्वाचं नाही. त्यांनी ते करायचं थांबवलं.

‘‘तुम्ही? मंचावर? टाळ्या?’’

‘‘हो.’’

‘‘हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच हो.’’ मग नानांचा चेहरा बघून त्या जवळ येऊन बसल्या. ‘‘सांगून टाका ना नाही म्हणून.’’

‘‘माझं जाऊ दे गं. टिचकीचं काय? तिला मी म्हटलं, तू गा, तर म्हणाली, उभी राहीन, पण मला जमणार नाही, आजोबा. एवढंसं पोर, जमणार नाही म्हणतं. हे माझ्या घरात कुणी म्हणायचं तर ते मी म्हणायचं.’’

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. मुलं मंचावर रांगांत उभी होती, पुढे टिचकी. तिचे पाय जुळलेले होते. ओठ आत्तापासून हलत होते. बाई पेटीपाशी, तबलामास्तर तबल्यापाशी. तबलामास्तर हा माणूस असा होता की तबला वाजवत नसला तर तो झोपला आहे असंच वाटे. आणि वाजवत असला तरी कधी कधी वाटे. मुख्याध्यापिकांनी ध्वनिक्षेपकावरून नानांचा परिचय करून दिला, त्यात ‘तालतज्ज्ञ’ हा शब्द आला, आणि तो ऐकून तिसऱ्या रांगेत बसलेल्या आजींनी रुमाल तोंडाला लावला.

नाना मंचाच्या मधोमध येऊन उभे राहिले. समोर काळोखात असंख्य चष्मे चमकत होते. तबलामास्तरांनी मान डोलावली आणि ठेका सुरू झाला. धा धिं धिं धा.

पहिली टाळी नानांनी बरोबर दिली, कारण मास्तरांनी डोळ्यांनी खूण केली होती. दुसरी टाळी पाचव्या मात्रेवर. हे नानांना ठाऊक होतं. जगात त्यांच्याइतकं ते कुणाला ठाऊक नसेल. फक्त पाचवी मात्रा कुठली, हे कळेना. त्यांनी अंदाजाने टाळी दिली. ती कुठल्याच मात्रेवर पडली नाही. दोन मात्रांच्या मधे, जिथे काहीच नसतं तिथे, ती एकटीच वाजली. मग खालीचा हात फेकायचा. तो फेकला तेव्हा ठेका केव्हाच पुढच्या टाळीवर पोचला होता. सभागृह अतिशय शांत झालं. ही शांतता नानांच्या ओळखीची होती. यातच लोक वळून बघतात.

‘‘पाठ ताठ!’’ पहिल्या रांगेतून कवायतीचे सर घाईघाईने कुजबुजले.

नानांनी पाठ ताठ केली. त्याने काही फरक पडला नाही. दुसरं आवर्तन पहिल्याहून वाईट गेलं. त्यांना पळून जावंसं वाटलं, पण मंचाच्या पायऱ्या कुठल्या बाजूला होत्या हेही आता आठवेना. ते हात अर्धवट उचलून उभे राहिले, आणि हा हात आता खाली आणावा की वर न्यावा याचा विचार करत राहिले, आणि ठेका त्यांना वळसे घालून जात राहिला.

‘‘आत्ता!’’

मागून अगदी हळू आवाज आला. नानांनी दचकून टाळी दिली. उशिरा.

‘‘अरे, आत्ता नाही! थांब... थांब... आत्ता!’’

ती टिचकी होती. नानांनी पुन्हा टाळी दिली. जरा लवकर.

आता मागच्या रांगेतून आणखी कुणी म्हणालं, ‘‘नाना, थांबा! आता खाली!’’ आणि दंतवैद्यांच्या मुलाने मदत म्हणून स्वतःचा हात हवेत फेकला. त्याच्या शेजारच्या मुलीने फेकला. नानांनी फेकला, पण तोवर मुलांच्या टाळ्या पडल्या होत्या. कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळ्यांनाच हसू आवरेना. ज्या माणसाने ‘निष्फळ समजावे’ लिहिलं, तो माणूस त्यांच्यासमोर राजरोस, पुनःपुन्हा, दिवसाढवळ्या निष्फळ होत होता आणि तरीही उभा होता. आभाळ कोसळलं नव्हतं. हेडक्लार्क उठून बाहेर गेले नव्हते. उलट तबला चालूच होता.

टिचकीला राहवलं नाही. ती रांग सोडून पुढे आली, नानांच्या समोर उभी राहिली आणि तिने त्यांची दोन्ही मनगटं धरली, लहान मुलाची धरतात तशी. ‘‘तू काही करू नकोस हं, आजोबा. हात सैल सोड.’’ तिने त्यांच्या हातांची टाळी वाजवली. बरोबर. मग पुढची. हात उघडा फेकला. परत टाळी. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती. तिचे ओठ हलत नव्हते. मोजायला तिला वेळच नव्हता. तिच्याकडे एक पूर्ण वाढ झालेला आजोबा सांभाळायला होता.

बाईंच्या हे लक्षात आलं. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर पूर्ण जागे होते. बाईंनी पेटीवर गाण्याचा पहिला सूर धरला, हळूच, कुणाला कळेल न कळेल असा.

खाली आली. टिचकीने नानांचा हात हवेत फेकला आणि त्याच झटक्यात तिच्या तोंडून गाणं बाहेर पडलं. ती गात होती आणि नानांची मनगटं तिच्या हातात होती, आणि ठेका पायऱ्या उतरत उतरत समेकडे येत होता, आणि नाना फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मग तो ठेवणीतला शब्द, मास्तरांचा धा आणि नानांची टाळी, तिन्ही एका जागी पडली.

पहिल्यांदा हसली टिचकी. मग सगळं सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. नानांना आपल्या हातांत काहीतरी झालंय एवढंच कळलं. ते तळहात उलटेपालटे करून बघत राहिले. मुलांनी मागून गाणं उचललं होतं. कुणीही मोजत नव्हतं. तिसऱ्या रांगेत आजी डोळे पुसत होत्या, आणि ते हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

व्याख्या म्हणायच्या राहून गेल्या. मुख्याध्यापिकांना त्याची आठवण दुसऱ्या दिवशी झाली, आणि तोवर त्यांचा उत्साह वृक्षारोपणाकडे गेला होता.

नानांनी ठरवलं होतं की आता वर्गाच्या सभागृहात पाऊल टाकायचं नाही. फाटकापाशी पुस्तक घेऊन उभं राहायचं. पण पुढच्या वर्गाला टिचकी त्यांना हाताला धरून आत घेऊन आली. मागच्या बाकाकडे ते वळले तशी मुलं ओरडली, ‘‘तिथे नाही! पुढे! पुढे!’’

पहिल्या रांगेत, सगळ्यांत लहान मुलांच्या शेजारी, एक सतरंजी घातलेली होती.

‘‘हे काय?’’ नानांनी बाईंना विचारलं.

‘‘मुलांचा आग्रह आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘म्हणतात, नाना असले की चुकायची भीती वाटत नाही.’’

‘‘म्हणजे मी चुकायला बसायचं?’’

‘‘मनापासून,’’ तबलामास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

नानांच्या स्वाभिमानाने थोडी कुरकुर केली. मग त्यांनी चपला काढल्या, चष्मा खिशात ठेवला आणि गुडघे धरत धरत ते सतरंजीवर बसले. आता ते रोज बसतात. मुलं त्यांना शिकवतात, फार रागावत नाहीत. परवा तर त्यांची टाळी कुणी न सांगता, कुणी हात न धरता, समेच्या फक्त एक मात्रा आधी पडली. मुलांनी ठेका संपायची वाट न बघता त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि नानाही त्या आनंदात टाळ्या वाजवत राहिले, सगळे थांबल्यावरही, कितीतरी वेळ.